मागच्या फळीचा हिशेब

जुन्नर-आंबेगावात यात्रेच्या दिवसांत कबड्डीचे सामने लागतात. शाळेच्या पटांगणात नाहीतर पीक निघालेल्या वावरात हॅलोजन टांगतात, फक्कीच्या रेषा मारतात, आणि निवेदक माइक हातात घेतला की पहाटेपर्यंत सोडत नाही. त्याच्या तोंडी नावं चढाईपटूंची. कोण किती गुण घेऊन परतला, कुणी एकाच चढाईत तिघांना बाद केलं. शिट्ट्याही चढाईपटूलाच, आणि कुणी खूश होऊन शंभराची नोट जाहीर केली तर तीही बहुतेक वेळा त्यालाच. मात्र कडेला सतरंजीवर बसलेली, कधीकाळी स्वतः खेळलेली दोन-चार मंडळी चढाईपटूकडे पाहतच नाहीत. त्यांचं लक्ष डाव्या कोपऱ्याकडे असतं.

तिथला गडी अर्धवट बसल्यासारखा उभा असतो. भार चवड्यांवर. एक हात शेजाऱ्याच्या मनगटात अडकवलेला, दुसरा मोकळा. नजर चढाईपटूच्या तोंडाकडे नाही, कमरेखाली. कारण तोंड फसवतं, हात फसवतो, पण ज्या पायावर भार पडला तो पाय लगेच मागे घेता येत नाही. चढाईपटू निदान रेषा ओलांडून आत येतो, हूल देतो, वळतो, आणि वळताना मागचा पाय पाव सेकंद जमिनीला चिकटतो. तेवढ्यात कोपऱ्यातला माणूस खाली झेपावून घोटा धरतो. शेजाऱ्याने तत्क्षणी साथ दिली तर पकड, नाही दिली तर तोच घोटा त्याला मध्यरेषेपर्यंत ओढत नेतो आणि गुण समोरच्याच्या खात्यात. यातलं बरंचसं काम झेप घेण्याच्या आधीचं असतं. थांबण्याचं.

कबड्डीने या थांबण्याची किंमत ठरवली, हे त्या खेळाचं मोठेपण. पकड झाली की गुण, आणि तो धरणाऱ्याच्या नावावर लिहिला जातो. अंगणात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर ‘अव्वल पकड’, एक गुण जास्तीचा. म्हणजे लोण चढण्याच्या बेतात असलेल्या संघाला वाचवणाऱ्याची नोंद वेगळी होते. प्रो कबड्डी लीग आल्यावर या नोंदीला बाजारभावही आला. इराणचा फझल अत्राचली हा डावा कोपरारक्षक. २०१५ मध्ये विजेत्या यू मुंबाच्या संघात तो होता, आणि २०१८ च्या लिलावात याच संघाने त्याला परत घेताना एक कोटी रुपये मोजले. लीगमधला तो पहिला कोटीचा खेळाडू. चढाईपटू नव्हे, पकडी करणारा, आणि तोही परदेशी. पुढे पुणेरी पलटणने त्याच्यासाठी १ कोटी ३८ लाख मोजले, गुजरातने १ कोटी ६० लाख. त्याच्या पाठोपाठ आलेला त्याचाच देशबंधू मोहम्मदरझा शादलू पुण्याला २ कोटी ३५ लाखांना पडला आणि त्या हंगामात त्याने पकडींचे ९९ गुण मिळवले. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवून विजेतेपद घेतलं, तेव्हा इकडे गावोगावी नाव झालं ते कर्णधार अस्लम इनामदारचं. ते साहजिकही होतं. आळेफाट्यावरून नगरच्या रस्त्याला लागलं की टाकळी ढोकेश्वर किती लांब! पोरगा शेजारच्या तालुक्यातला, त्यात चढाईपटू. शादलूच्या ९९ गुणांची चर्चा जाणकारांपुरती राहिली. पण निदान आकडा तरी होता. कुणी विचारलं तर दाखवता येत होता.

फुटबॉलमधल्या बचावपटूकडे तेवढंही नसतं.

सर्गेई गुरेन्को हे नाव जुन्नरच्या पोरांना माहीत असण्याचं कारण नाही. ज्यांच्या पाठीवर दहा किंवा सात आकड्याचे बनियन आहेत, त्यांना तर नाहीच. हा बेलारूसचा बचावपटू, कधी डाव्या तर कधी उजव्या बाजूचा. जन्म ३० सप्टेंबर १९७२, गाव ग्रोदनो. नेमान नदीकाठचं हे शहर पोलंड आणि लिथुआनियाच्या सीमांजवळ आहे. गुरेन्को जन्मला तेव्हा ते सोव्हिएत संघात होतं. एकोणिसाव्या वर्षी त्याचा देश बदलला आणि त्यासाठी त्याला घरही सोडावं लागलं नाही. गावच्याच नेमान संघातून तो खेळायला लागला. १९९३ मध्ये या संघाने नव्या देशाचा राष्ट्रीय चषक जिंकला. मग १९९५ मध्ये त्याला मॉस्कोचं बोलावणं आलं, लोकोमोटिव्ह क्लबचं.

लोकोमोटिव्ह म्हणजे रेल्वेवाल्यांचा क्लब. नावातच इंजिन आहे. ही गोष्ट मराठी कबड्डीपटूला समजावून सांगावी लागत नाही. इथल्या चांगल्या खेळाडूच्या आईबापाची पिढ्यान्‌पिढ्या एकच इच्छा असे: पोरगं रेल्वेत नाहीतर पोलिसात चिकटावं. भारतीय रेल्वेच्या कबड्डी संघाने वर्षानुवर्षं राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या, त्या अशाच खेड्यापाड्यांतून उचललेल्या पोरांच्या जोरावर. आणि मोठ्या शहराकडे जाणं तर या दोन तालुक्यांच्या रक्तातच आहे. मुंबईचे डबेवाले जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ याच पट्ट्यातून गेले. माथाडीत गेलेली माणसंही याच घरांतली. ग्रोदनोहून मॉस्कोला गेलेला विशीतला बचावपटू हा तसाच माणूस होता. मोठ्या शहरात कामाला गेलेला, आणि काम कसलं तर दुसऱ्याला थोपवून धरण्याचं.

त्या कामात तो वाकबगार होता. १९९६ आणि १९९७ असा लागोपाठ दोनदा लोकोमोटिव्हने रशियन चषक जिंकला. पण त्याच्या मॉस्कोतल्या वर्षांचं खरं सार एका हरलेल्या लढतीत आहे. हरलेली तरी म्हणावी का, हाही प्रश्नच. १९९९ मध्ये युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेत उपांत्य फेरीला लोकोमोटिव्हसमोर रोमचा लाझियो होता. त्या काळी पैसा आणि मोठी नावं दोन्ही बाळगून असलेला संघ. मॉस्कोत १-१. रोममध्ये परतीचा सामना ०-०. दोन सामने, एकूण बरोबरी, इटलीच्या त्या आघाडीला त्यांच्याच मैदानावर नव्वद मिनिटं एकही गोल नाही. तरीही बाहेर कोण? लोकोमोटिव्ह. कारण बरोबरी झाली तर परक्या मैदानावर केलेला गोल जड मोजायचा, असा नियम होता, आणि लाझियोने मॉस्कोत एक केला होता. लाझियोने पुढे चषक उचलला.

हा नियम बचावपटूंच्या दृष्टीने मोठा विचित्र होता. गोलाला मैदान पाहून वजन दिलं जाई. न होऊ दिलेल्या गोलाला मात्र कुठल्याच मैदानावर वजन नव्हतं. गोष्ट तिथेच संपली असती तर एक वाईट रात्र म्हणून सोडून देता आली असती. पण पाच वर्षांनी, २००४ मध्ये, चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत लोकोमोटिव्हने मॉस्कोत मोनॅकोला २-१ असं हरवलं आणि मोनॅकोत ते ०-१ असे हरले. बेरीज पुन्हा सारखी, आणि पुन्हा परक्या मैदानावरच्या गोलाने घात केला. मोनॅको त्या वर्षी थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. युरोपच्या फुटबॉल महासंघाने हा नियम रद्द केला तो २०२१ मध्ये. तोवर गुरेन्कोच्या पिढीतली माणसं कधीच प्रशिक्षक होऊन मैदानाबाहेर उभी होती.

या दोन हुकलेल्या संधींच्या मधली चार वर्षं तो इटली-स्पेनमध्ये होता. १९९९ मध्ये त्याला रोमा क्लबने घेतलं. तिथून उधारीवर स्पेनच्या सारागोसाला, मग पार्मा, मग पिआचेन्सा. कागदावर ही यादी भारदस्त दिसते: २००१ मध्ये सारागोसाने स्पेनचा राजाचा चषक जिंकला, २००२ मध्ये पार्माने इटलीचा चषक. पण ती बारकाईने वाचली तर वेगळंच काही दिसतं. रोमा त्या काळी काफू आणि कांदेलासारखे कडेचे खेळाडू बाळगून होता. एक ब्राझीलचा जगज्जेता, दुसरा फ्रान्सचा. अशा ठिकाणी ग्रोदनोहून आलेल्या माणसाच्या वाट्याला राखीव बाक येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. उधारीवर जाणं, दुसऱ्याच्या गावात वर्षभर राहणं, चषक जिंकल्याच्या फोटोत मागच्या रांगेत उभं राहणं आणि पुढच्या हंगामात पुन्हा पेटी भरणं. नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. सुपारी फडमालकाच्या नावावर ठरते, पाटीवर नाव त्याचंच. मागे उभं राहून झील धरणारा कुठल्या फडातून कुठल्या फडात गेला, याची चौकशी कमिटी करत नाही. पण त्याचा सूर घसरला तर पहिल्या रांगेतल्याला लगेच कळतं. गुरेन्कोच्या इटलीतल्या वर्षांचा मामला असाच होता.

ही वर्षं वाया गेली, असं मात्र म्हणवत नाही. बचावाचं शास्त्र शिकायचं तर त्या वेळी इटलीसारखं ठिकाण नव्हतं. कडेचा बचावपटू तिथे शिकतो की चेंडूवर झेपावणं हा शेवटचा उपाय. आधी शरीर तिरकं ठेवायचं, समोरच्याला आतला रस्ता बंद करून बाहेरचा मोकळा द्यायचा, एकेक पाऊल मागे सरत त्याला कडेच्या रेषेकडे न्यायचं, आणि त्याने चेंडू स्वतःच्या पायापासून थोडा लांब ढकलला की त्याच क्षणी पाय घालायचा. शेजारचे तिघं याच वेळी एका रेषेत पुढे सरकतात, म्हणजे मागे उभा राहिलेला आघाडीपटू ऑफसाइडमध्ये अडकतो. एक जण पुढे यायचं विसरला तर सगळी साखळी तुटते. डाव्या कोपऱ्याकडे बघणाऱ्या सतरंजीवरच्या मंडळींना हे दाखवलं तर ती काही मिनिटांतच बोलू लागतील, आणि बहुधा त्यांचं बरोबर असेल. चौघांची फळी आणि सात जणांची साखळी यांत फरक मैदानाच्या आकाराचा आहे. भार कुठल्या पायावर आहे ते ओळखण्याची विद्या एकच.

२००३ मध्ये तो मॉस्कोला परतला, तोही पूर्ण तयारीनिशी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोकोमोटिव्हने मिलानच्या इंटरला ३-० असं झोपवलं. २००४ मध्ये लोकोमोटिव्ह रशियाचा विजेता झाला.

देशासाठी खेळणं हे आणखी अवघड प्रकरण. बेलारूस संघ नवा, देश लहान, लोकसंख्या कोटीच्या आसपास. जून १९९५ मध्ये मिन्स्कमध्ये त्यांनी नेदरलँड्सला १-० असं हरवलं. अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी युरोपचा विजेता ठरलेल्या आयाक्सचे खेळाडू त्या डच संघाचा कणा होते. गोल करणाऱ्याचं नाव सर्गेई गेरासिमेत्स, आणि ते बेलारूसमध्ये अजून घेतलं जातं. उरलेल्या वेळात डचांना कुणी रोखलं, ते सांगायला संघाची पूर्ण यादी काढावी लागते. २००२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तर बेलारूस दाराशी जाऊन परतला. सप्टेंबर २००१ मध्ये पोलंडला ४-१ असं हरवलं, चारही गोल रोमान वासिल्युकचे. महिन्याभराने कार्डिफला वेल्सविरुद्ध जिंकायचं होतं आणि तिथे ०-१ अशी हार. त्याआधी मिन्स्कमध्ये युक्रेनने दोन गोलांनी हरवलं होतं, तेव्हाच खरं तर पारडं फिरलं. वासिल्युकचे चार गोल लोकांच्या लक्षात राहिले. कार्डिफचा तो एक गोल मात्र फळीच्या नावावर लागला. बचावपटूचं नाव गोलफलकावर यायचंच तर बहुतेकदा ते स्वयंगोलापुढे येतं, आणि त्याची किंमत काय असू शकते हे १९९४ मध्ये कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारच्या बाबतीत जगाने पाहिलं. विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला आणि त्यानंतर दहाच दिवसांत मायदेशी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. गुरेन्को देशासाठी ८० सामने खेळला. हा आकडा मोठा आहे, पण त्यावरून एवढंच कळतं की एकामागून एक आलेल्या प्रशिक्षकांना संघाचा कागद लिहिताना ते नाव खोडावंसं वाटलं नाही. बचावपटूसाठी याहून मोठं प्रशस्तिपत्र फुटबॉलने अजून छापलेलं नाही.

भारताचा आणि बेलारूसचा एक सामनाही झाला आहे. २६ मार्च २०२२, बहारीन. दुखापतीमुळे सुनील छेत्री नव्हता. पहिल्या अर्धात ०-०. त्या पंचेचाळीस मिनिटांत भारताची फळी नीट उभी होती, अंतरं सांभाळत होती. विश्रांतीनंतर तीन गोल झाले, ०-३. दुसऱ्या दिवशी वाचायला मिळाला तो निकाल. पहिल्या अर्धाचं कुणाला काय?

आपल्याकडे गुरेन्कोच्या सर्वांत जवळचा माणूस शोधायचा तर गोव्याला जावं लागतं, महेश गवळीकडे. जन्म १९८०. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडला, मग चर्चिल ब्रदर्स, कोलकात्याचा ईस्ट बंगाल, शेवटी गोव्याचा डेम्पो. बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा, हवेतल्या चेंडूला घट्ट, उगाच कुठे न धावणारा. २००३ मध्ये जकार्तात ईस्ट बंगालने थायलंडच्या बीईसी टेरो सासाना संघाला ३-१ असं हरवून आसियान क्लब स्पर्धा जिंकली. भारतीय क्लबने परदेशात मिळवलेल्या मोठ्या यशांत तिची गणना होते, आणि सामान्य चाहत्याला त्यातलं आठवतं ते भायचुंग भुतियाचं नाव. गवळी त्या संघात होता. नंतर डेम्पोने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी तीनदा आय-लीग जिंकली. त्या काळात डेम्पोच्या सामन्यांचं वर्णन वाचावं तर रांती मार्टिन्सचे गोल मोजून थकायला होतं. गवळीबद्दल एक वाक्य असतं, ‘बचाव भक्कम होता.’ पत्रकारांनाही दोष देता येत नाही. जे घडलंच नाही, त्याचं वर्णन करणार तरी कसं? पुढे त्याने भारताच्या तरुण संघांना शिकवलं, म्हणजे तिरकं उभं राहण्याची विद्या पुढच्या पोरांच्या अंगात उतरवायचं काम पुन्हा त्याच्याचकडे आलं.

अलीकडे फुटबॉलमध्येही सगळं मोजायला लागले आहेत. किती वेळा चेंडू हिसकावला, किती पास मध्येच तोडले, किती हवाई झुंजी जिंकल्या. २०१८ च्या जानेवारीत लिव्हरपूलने व्हर्जिल व्हॅन डाइकसाठी साडेसात कोटी पौंड मोजले, तेव्हा बचावपटूंना चांगले दिवस आले असं अनेकांनी लिहिलं. तरी जगातल्या सर्वोत्तम पुरुष फुटबॉलपटूला देतात तो बॅलन डी’ऑर शेवटचा एखाद्या बचावपटूला मिळाला तो २००६ मध्ये, फाबिओ कानावारोला. आणि या मोजणीत एक गंमत आहे. जो बचावपटू जागा अचूक पकडतो त्याच्याकडे चेंडू येतच नाही, म्हणून त्याचे आकडे कमी दिसतात; जो चुकीच्या जागी असतो त्याला धावत येऊन झेप घ्यावी लागते आणि त्याचे आकडे फुगतात. कबड्डीत ही अडचण कमी, कारण चढाईपटूला तीस सेकंदांत आत यावंच लागतं, कोपऱ्याला टाळून किती टाळणार? तरीही ज्या कोपऱ्याच्या धाकाने चढाईपटू सगळा वेळ दुसऱ्याच बाजूला घुटमळतो, त्या कोपऱ्याच्या खात्यात त्या रात्री शून्य गुण लागू शकतात. हे गणित प्रो कबड्डीलाही अजून सुटलेलं नाही.

गुरेन्कोच्या खेळण्याच्या दिवसांतला शेवटचा मोठा चषक २००७ चा, पुन्हा रशियन चषक. लोकोमोटिव्ह विरुद्ध एफसी मॉस्को. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळात लोकोमोटिव्हने एक केला, तो गॅरी ओकॉनर या स्कॉटलंडच्या आघाडीपटूने. एवढ्या एका गोलावर चषक आला, आणि त्या सामन्याच्या कुठल्याही नोंदीत आजही ठळक अक्षरात त्याचंच नाव सापडतं. गुरेन्को तेव्हा चौतिसाव्या वर्षात होता. काही काळाने त्याने बूट उतरवले आणि तो शिकवण्याकडे वळला. पुढे दिनामो ब्रेस्ट आणि दिनामो मिन्स्क या मायदेशातल्या संघांचा प्रशिक्षक झाला.